कोइंबतूरचा फोन आणि आपलं ‘यस सर’

पत्र : मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात दोन महिन्यांपासून आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. कापसाच्या गाठींची नोंद, बिलं, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) सगळं जमतं. पण तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांचे फोन आले की पोटात गोळा येतो. त्यांना हिंदी येत नाही आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. मागच्या आठवड्यात मालक बाहेर असताना कोइंबतूरहून फोन आला. गाडी निघाली नाही का, असं काहीतरी ते विचारत होते. मी ‘यस सर, यस सर’ म्हणत गेले. त्यांनी गाडी निघाली असं धरलं आणि गाडी तर काट्यावर उभी होती. मालक म्हणतात, ‘काहून भेतं वं, बोलून टाकाचं.’ फोनवरचं इंग्रजी कुठून शिकू? निरोप कसा घ्यायचा, कसा ठेवायचा? आणि मालक नसताना कोणी भाव विचारला तर काय सांगू?

उत्तर :

ताई, आधी त्या गाडीचं पाहू. तिथे तुमचं इंग्रजी कमी पडलं नाही, ‘यस’ आडवं आलं. ‘गाडी निघाली नाही का?’ असं कोणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘हो, नाही निघाली.’ आपलं ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतं. इंग्रजीत यस-नो विचारणाऱ्याला नसतं, घडलेल्या गोष्टीला असतं. गाडी निघाली असेल तर यस, नसेल तर नो, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘द ट्रक हॅज नॉट लेफ्ट?’ याला बरोबर उत्तर ‘नो सर, इट हॅज नॉट लेफ्ट.’ त्यातून समोरच्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही. तो तुमचं ‘यस’ कोणत्या रीतीने ऐकेल याचा भरवसा नाही. म्हणून फोनवर नुसतं यस किंवा नुसतं नो कधीच म्हणायचं नाही. विचारलेली गोष्टच उत्तरात परत बोलायची : ‘द ट्रक हॅज नॉट लेफ्ट. इट विल लीव्ह टुनाइट ॲट नाइन.’ व्याकरण थोडं घसरलं तरी गाडी कुठे आहे ते त्याला कळतं.

याच जातीचा दुसरा खड्डा ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चा. आपल्याकडे पुष्कळ जण ‘कान्ट’ला ‘कॅन्ट’ म्हणतात आणि शेवटचा ट फोनमध्ये हमखास गळतो. ‘वी कॅन्ट लोड टुडे’ म्हणावं तर पलीकडे ‘वी कॅन लोड टुडे’ पोचतं. फोनवर पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणा.

आता शिकायचं काय ते. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी वगैरे पुस्तकं घेऊ नका. तुमच्या टेबलावर येणारे फोन पाच-सहा प्रकारचेच आहेत : गाडी निघाली का, किती गाठी, भाव काय, रिपोर्ट पाठवा, पैसे जमा झाले का, मालकांना द्या. याला दहा-बारा वाक्यं पुरतात, पण ती विचार न करता तोंडातून निघायला हवीत.

फोन उचलताना ‘हॅलो, कोण?’ची सवय सोडा. आधी आपलं सांगायचं : ‘गुड मॉर्निंग, अमुक जिनिंग, हिंगणघाट.’ स्वतःचं नाव सांगताना ‘मी अमकी बोलते’चं भाषांतर करून ‘आय ॲम स्पीकिंग अमकी’ म्हणू नका. ‘धिस इज’ म्हणा आणि पुढे नाव. पलीकडून नाव आलं नाही तर ‘हू आर यू?’ विचारायचं नाही. मराठीत ‘कोण बोलतंय?’ साधं आहे, पण ‘हू आर यू?’ म्हणजे ‘तू कोण रे?’ ‘मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?’ हे एक वाक्य पाठ करून टाका. तसंच आपलं ‘हं, बोला’ इंग्रजीत ‘टेल मी’ झालं की हुकूम वाटतो. त्याऐवजी ‘हाउ कॅन आय हेल्प यू, सर?’

समोरच्याला थांबवणारी वाक्यं मात्र सगळ्यात आधी शिका. तुम्ही ‘यस सर’ म्हणत जाता ते बहुधा समोरचा वेगात बोलतो आणि त्याला अडवायचं कसं ते ठाऊक नसतं म्हणून. अडवणं हा उद्धटपणा नाही. खरेदी-विक्रीत तो शहाणपणा आहे, पलीकडचा मॅनेजरही तेच करतो. चार वाक्यं : ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’, ‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?’, ‘वन मिनिट, आय ॲम रायटिंग इट डाउन’ आणि ‘लेट मी रिपीट.’ तिसरं सोन्यासारखं आहे. लिहून घेते म्हटलं की बोलणारा आपोआप हळू होतो, आणि तुम्हाला समजलं नाही हे सांगावंही लागत नाही. पुन्हा विचारताना मात्र सगळंच विचारू नका, जे निसटलं तेवढंच विचारा : ‘हाउ मेनी बेल्स?’, ‘व्हिच डेट?’ तुम्ही सगळं पुन्हा मागितलंत की तो तेच तेवढ्याच वेगात पुन्हा म्हणतो.

आवाज तुटत असेल तर ‘युवर व्हॉइस इज नॉट कमिंग’ हे आपल्या ‘आवाज येत नाही’चं भाषांतर झालं. ‘आय कान्ट हिअर यू’मध्ये वरचाच घोळ, म्हणून ‘द लाइन इज नॉट क्लिअर, आय विल कॉल यू बॅक’ म्हणा आणि लगेच लावा. फोन मध्येच बंद पडला तर ‘यू कट द फोन’ म्हणजे त्याच्यावर आरोप. ‘द कॉल गॉट डिस्कनेक्टेड’ म्हटलं की कोणाचाच दोष राहत नाही.

विदर्भाची एक खास गंमत सांगतो. ‘मालक येऊन राहिले’ असं आपण सर्रास म्हणतो आणि ते तासाभराने आले तरी कोणाला नवल वाटत नाही. त्याचं ‘सर इज कमिंग’ केलंत की पलीकडचा फोन धरून बसतो, त्याला वाटतं साहेब दारातून आत येत आहेत. ‘सर विल बी बॅक बाय फाइव्ह’ म्हणा. ‘सकाळपासून फोन लावून राहिले’ याचंही ‘आय ॲम कॉलिंग सिन्स मॉर्निंग’ करू नका. ‘आय हॅव बीन ट्रायिंग सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणा. आणि ‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’.

आता आकडे. तुमच्या धंद्यात नुकसान व्याकरणाने होत नाही, आकड्याने होतं.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मधला फरक शेवटच्या न वर आणि जोर कुठे पडतो त्यावर आहे. फिफ्टीनमध्ये जोर ‘टीन’वर, फिफ्टीमध्ये ‘फिफ्’वर. फोनवर न बुडतो. १७० किलोची एक गाठ धरली तर पंधरा आणि पन्नास गाठींत ५,९५० किलोंचा फरक पडतो. म्हणून १३ ते १९ आणि ३०, ४०, ५० असा कोणताही आकडा आला की सुटे अंक जोडायचे : ‘वन फाइव्ह, फिफ्टीन बेल्स’, ‘फाइव्ह झीरो, फिफ्टी बेल्स.’ त्याने सांगितला तरी तुम्हीच फोडून विचारा : ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’

दुसरी अडचण मराठी डोक्याची. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणतो, सात आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत ‘फॉर्टी सेव्हन’, चार आधी. ऐकलेला आकडा मनात मराठीत फिरवून लिहायला गेलं की ४७ चे ७४ होतात. ‘एकोणसाठ’सारख्या आकड्यांना तर आणखी एक वळसा. मराठीत फिरवूच नका, फॉर्टी ऐकलं की लगेच ४ लिहा आणि पुढचा अंक येऊ द्या. मोबाइल नंबर, बिल नंबर, गाडीचा नंबर एकेक अंकाने घ्यायचा आणि एकेक अंकाने परत वाचायचा. ‘डबल’, ‘ट्रिपल’ ऐकताना समजलं पाहिजे, पण बोलताना टाळा. ‘डबल टू’ घाईत नुसतं ‘टू’ ऐकू येतं आणि ‘ट्रिपल’मधला एक अंक हमखास गळतो. शून्याला काही जण ‘ओ’ म्हणतात, तुम्ही ‘झीरो’च म्हणा.

साडे, सव्वा, पावणे, दीड, अडीच यांच्यासारखी एका शब्दाची सोय इंग्रजीत नाही, तिथे रक्कम उलगडून सांगावी लागते. साडेत्रेपन्न हजार म्हणजे ‘फिफ्टी थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड’. पावणेदोन लाख म्हणजे ‘वन लॅक सेव्हंटी फाइव्ह थाउजंड’. पावणेपाच वाजता म्हणजे ‘फोर फोर्टी फाइव्ह’. रोज लागणाऱ्या अशा वीसेक रकमा एका कागदावर दोन्ही भाषांत लिहून भिंतीला लावा, फोनवर असताना हिशेब करायला वेळ मिळत नाही. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे म्हणायचे. रिपोर्टमधली स्टेपल, म्हणजे कापसाच्या तंतूची लांबी, २९.२५ असेल तर ‘ट्वेंटी नाइन पॉइंट टू फाइव्ह’. ‘पॉइंट ट्वेंटी फाइव्ह’ नाही.

भावाच्या आकड्याबरोबर माप बोललंच पाहिजे. रुईचा भाव खंडीवर चालतो, ३५६ किलोची खंडी. इंग्रजीत तिला ‘कँडी’ म्हणतात, गोळी-चॉकलेट नव्हे, आपलीच खंडी सुटाबुटात गेलेली. दलाल ‘फिफ्टी थ्री फाइव्ह’ असं आखडून बोलतात. तिथे पूर्ण करून विचारा : ‘फिफ्टी थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड, पर कँडी, करेक्ट?’ रुई म्हणजे लिंट, सरकी म्हणजे कॉटन सीड, गाठ म्हणजे बेल, ओलावा म्हणजे मॉइश्चर, कचरा म्हणजे ट्रॅश, वजनकाटा म्हणजे वे-ब्रिज. एवढे शब्द घरचे झाले की अर्धी भीती जाते.

दिवसाचाही असाच घोळ. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही, आणि घाईत त्याचं इंग्रजी भलतंच होतं. ‘डे आफ्टर टुमॉरो’ शोधत बसण्यापेक्षा वार आणि तारीख सांगा : ‘थर्सडे, द ट्वेल्फ्थ.’ वार आणि तारीख जुळत नसेल तर समोरचाच टोकेल, चूक तिथेच सापडते.

अक्षरांचं कारण समजून घेतलंत तर उपाय लक्षात राहील. साध्या फोनवरून आवाजाचा सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स आणि फ वेगळे ओळखू येतात ते ज्या बारीक सळसळीने, ती बहुतेक त्याच्या वरची असते. म्हणून एस आणि एफ सारखे ऐकू येतात. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांचा शेवट ई, पुढचं व्यंजन बुडालं की सगळी सारखीच. एम-एन तर समोरासमोरही फसवतात. अलीकडच्या फोरजी कॉलवर आवाज बरा येतो, पण गावात रेंज उतरली की कॉल जुन्या जाळ्यावर जाऊ शकतो आणि पुन्हा तेच. म्हणून अक्षराला गाव जोडायचं, तेही दोघांना माहीत असलेलं, आणि गाव सुचलं नाही तर साधा शब्द. ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे, टी फॉर तंजावर, व्ही फॉर वेल्लोर, एस फॉर सेलम, एफ फॉर फादर, एम फॉर मदुराई, एन फॉर नागपूर.’ एन फॉर नेर म्हटलंत तर कोइंबतूरवाला बुचकळ्यात पडेल. डब्ल्यूला आधाराची गरज नाही, ते अक्षरच एवढं लांबलचक आहे की कशातच मिसळत नाही. व्ही फॉर वर्धा मात्र चुकूनही नको, वर्धा इंग्रजीत डब्ल्यूने लिहितात.

हिंगणघाट सांगून पाहा. एका दमात नाही, तीन तुकड्यांत : ‘एच-आय-एन’, थांबायचं. ‘जी-ए-एन’, थांबायचं. ‘जी-एच-ए-टी.’ प्रत्येक तुकड्यानंतर पलीकडून ‘ओके’ येऊ द्या. दोन्ही एनच्या वेळी ‘एन फॉर नागपूर’ म्हणा, नाहीतर पाकिटावर हिमगमघाट येईल.

मोठे नंबर घेताना मोजणी हा उत्तम पहारेकरी. जीएसटी नंबर १५ खुणांचा, सुरुवात राज्याच्या संकेतांकाने, महाराष्ट्राचा २७ आणि तमिळनाडूचा ३३. बँकेचा आयएफएससी ११ खुणांचा, पहिली चार अक्षरं आणि पाचवा नेहमी शून्य, ओ नव्हे. मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचा नंबर १२ अंकी. लिहून झालं की मोजा. एक कमी भरला तर फोन ठेवायच्या आधीच विचारा : ‘आय हॅव ओन्ली फोर्टीन कॅरेक्टर्स. कुड यू रिपीट, प्लीज?’

निरोप घ्यायला वेगळी वही करा, सुटे कागद नकोत. ते काट्याच्या पावत्यांत जातात आणि संध्याकाळी सापडत नाहीत. वहीत आधीच रकाने आखा : वेळ, नाव, मिल आणि गाव, नंबर, कोणासाठी, काय, केव्हापर्यंत काय करायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. ‘फोन करायला सांगा’ एवढाच निरोप निम्मा असतो, केव्हा आणि कशाबद्दल हे राहिलं. रकाने हेच तुमचे प्रश्न : ‘मे आय हॅव युवर नेम?’, ‘फ्रॉम व्हिच मिल?’, ‘इज इट अबाउट द पेमेंट ऑर द लोडिंग?’, ‘बाय व्हॉट टाइम शुड ही कॉल?’ तमिळ नावात आधी इनिशियल असतं आणि एका मिलमध्ये एकाच नावाचे दोघे असू शकतात, म्हणून ‘विथ व्हॉट इनिशियल?’ हेही विचारा. मग सगळा निरोप परत वाचून दाखवा. शेवटी ‘आय विल टेल हिम टु कॉल यू’ नाही. मालकांना तुम्ही सांगत नाही, विचारता. ‘आय विल आस्क हिम टु कॉल यू बॅक.’

मालक शेडमध्ये असतील आणि बोलवायला जायचं असेल तर न सांगता फोन टेबलावर ठेवू नका. ‘प्लीज होल्ड ऑन, आय विल गेट हिम.’ दोन मिनिटांत सापडले नाहीत तर परत येऊन सांगा, एसटीडीचे पैसे नसले तरी माणसाचा वेळ जातो. आणि तोवर फोन म्यूट करा. मागे चाललेलं ‘कोण आहे वं? तोच का पैशेवाला?’ हे मराठी असलं तरी ‘पैशे’ कोइंबतूरलाही कळतं.

निरोप ठेवायची वेळ तुमच्यावर येते तेव्हा क्रम उलटा करू नका. आधी कोण, मग कोणासाठी, मग कशाबद्दल, मग काय हवं, शेवटी नंबर. उदाहरणार्थ : ‘गुड आफ्टरनून. आय ॲम कॉलिंग फ्रॉम अमुक जिनिंग, हिंगणघाट. आय हॅव अ मेसेज फॉर द परचेस मॅनेजर. इट इज अबाउट वन हंड्रेड बेल्स, लॉट नंबर टू सेव्हन. द ट्रक लेफ्ट लास्ट नाइट ॲट नाइन. प्लीज आस्क हिम टु कॉल मी बिफोर फोर टुडे.’ मग नंबर सावकाश, तीन-तीन-चार असा तोडून, दोनदा. अर्ध्या मिनिटाच्या आत संपलं पाहिजे. घेणाऱ्याने लिहिलं की नाही ते कळायला ‘कुड यू रीड इट बॅक टु मी, प्लीज?’ म्हणा. तो घुटमळला तर समजा, लिहिलेलं नाही. आणि ‘इज देअर एनीवन हू स्पीक्स हिंदी?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. मोठ्या मिलमध्ये एखादा तरी सापडतो.

फोन ठेवल्याबरोबर तीच गोष्ट दोन ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवा. गाठी, भाव, तारीख, गाडीचा नंबर. सुरुवात ‘ॲज डिस्कस्ड ऑन फोन’ अशी. वाद झाला तर तोंडचं टिकत नाही. बँक खात्याचा नंबर बदलला म्हणून कोणी फोनवर सांगितलं तर मात्र व्हॉट्सॲपवरही विश्वास नको. वहीत असलेल्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. ओटीपी कोणालाच नाही, मग तो कितीही झकास इंग्रजी बोलो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

सराव समोरासमोर करू नका. समोर तोंड दिसलं की ओठांवरून कळतं, फोनवर ती सोय नाही. भावाला, मैत्रिणीला दुसऱ्या खोलीतून किंवा दुसऱ्या गावातून फोन लावायला सांगा. त्यांना इंग्रजी येण्याचीही गरज नाही. जुन्या बिलांवरचे आकडे एकेक अंकाने इंग्रजीत वाचता आले की झालं. रोज दहा मिनिटं, दहा आकडे, तुम्ही लिहायचे आणि परत वाचून दाखवायचे. दहातले दहा बरोबर यायला लागले की त्यांना वेग वाढवायला सांगा, मग शेडजवळ उभं राहून घ्या. रेल्वेच्या १३९ नंबरवर भाषा निवडता येते. इंग्रजी निवडा आणि गाड्यांच्या वेळा ऐकून लिहा. मशीन चिडत नाही, कितीदाही ऐका. दसरा-दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की बसायला वेळ मिळणार नाही, तेव्हा आत्ताच. जागाही ठरवून घ्या. रोलर चालू असताना ऑफिसच्या दारात उभं राहून कोणाचंच इंग्रजी कळत नाही. रेंज मिळते तो कोपरा शोधा, वही आणि दोरीने बांधलेलं पेन तिथेच ठेवा.

राहिला भावाचा प्रश्न. मालकांनी सांगून ठेवलेला भाव नसेल तर अंदाजानेही आकडा बोलू नका. ‘कालचा भाव’ म्हणून सांगितलेला आकडाही पलीकडे आजचा शब्द म्हणून लिहिला जातो. ‘आय डोन्ट नो’ही नको, त्याने दार बंद होतं. म्हणायचं असं : ‘सर विल गिव्ह यू द रेट. मे आय नोट हाउ मेनी बेल्स यू नीड, अँड व्हॉट स्टेपल? आय विल कॉल यू बॅक बिफोर फाइव्ह.’ गिऱ्हाइकाची गरज वहीत आली, भाव मालकांकडे राहिला. मात्र पाच म्हणालात तर पावणेपाचला फोन गेलाच पाहिजे, मालक आलेले नसले तरी : ‘सर इज नॉट बॅक येट. कॅन ही कॉल यू ॲट सेव्हन?’